विश्लेषण : ‘अजाइल’ शब्द येण्याच्या ४५ वर्षे आधी २४५ विमा संस्थांची एक ‘एलआयसी’ कशी झाली? रोह्याच्या सी. डी. देशमुखांची कामाची पद्धत काय होती?

महापे, ऐरोली किंवा हिंजवडीतल्या कंपन्यांत मुलाखतीला जाणाऱ्या पेण-रोह्याच्या मुलामुलींना एक प्रश्न हमखास विचारला जातो. अजाइल पद्धतीने काम केले आहे का? पूर्वी हा प्रश्न फक्त सॉफ्टवेअरवाल्यांना विचारला जायचा. आता बँका, विमा कंपन्या, औषध कंपन्या आणि वाहन उद्योगही नवे प्रकल्प याच पद्धतीने राबवतात. त्यासाठी प्रमाणपत्रांचे कोर्स निघाले आहेत आणि त्यांची फी कमी नाही.

मोठे काम छोट्या टप्प्यांत तोडायचे, प्रत्येक टप्प्याला हाती काहीतरी ठोस द्यायचे आणि अनुभवानुसार पुढचा आराखडा बदलायचा, हा या पद्धतीचा गाभा. तो सांगताना उदाहरणे नेहमी अमेरिकी किंवा जपानी कंपन्यांची दिली जातात. पण रायगड जिल्ह्यात, रोह्यात वाढलेल्या एका माणसाने रिझर्व्ह बँकेची फाळणी, स्टेट बँकेची उभारणी आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण अशी तीन अवाढव्य कामे जवळजवळ याच रीतीने हाताळली. तो माणूस म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख, अर्थात सी. डी. देशमुख. यातल्या तिसऱ्या कामाच्या ऐन मध्यावर त्यांनी पंतप्रधानांकडे राजीनामा दिलेला होता. नेमके काय घडले होते, ते पाहू.

अजाइल म्हणजे नेमके काय?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड या ठिकाणी १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा तयार केला. चार मूल्ये आणि बारा तत्त्वे, एवढाच त्याचा पसारा. तोपर्यंत प्रकल्प चालायचे ते धबधब्यासारखे. आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग काम, मग चाचणी. वरचे पाणी खाली आले की परत वर जात नाही, तसे एकदा ठरलेले बदलायचे नाही. दोन वर्षांनी वस्तू तयार व्हायची तेव्हा ग्राहकाची गरजच बदललेली असायची.

अजाइलमध्ये काम एक ते चार आठवड्यांच्या ‘स्प्रिंट’मध्ये वाटतात. करायच्या कामांची प्राधान्यक्रमाने लावलेली यादी म्हणजे ‘बॅकलॉग’. रोज पंधरा मिनिटांची उभ्याउभ्या बैठक. (ती पंधरा मिनिटांत संपते, असे प्रत्यक्ष काम करणारा कोणी सांगणार नाही.) स्प्रिंट संपला की झालेले काम ग्राहकाला दाखवायचे आणि आपण कुठे चुकलो याचा टीममध्ये हिशेब मांडायचा. या मांडणीतला सर्वाधिक वापरला जाणारा साचा म्हणजे ‘स्क्रम’. हा शब्द रग्बीतला. व्यवस्थापनात तो आणला हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी, १९८६ च्या एका लेखात.

पेणच्या वाचकाला हे समजायला कारखान्याचे उदाहरण पुरे. कारखाना म्हणजे अर्थातच गणपतीचा. एकाच साच्यातल्या पाच हजार मूर्ती काढून ठेवल्या आणि श्रावणात दादरचा व्यापारी म्हणाला की यंदा वेगळ्या बैठकीची मागणी आहे, तर माल पडून राहतो. त्याऐवजी थोड्या मूर्ती काढून, रंगवून, आखणी करून व्यापाऱ्याला दाखवल्या आणि त्याच्या म्हणण्यानुसार पुढची खेप बदलली, तर नुकसान टळते. अजाइलमधली आणखी एक गोष्ट पेणकरांना वेगळी शिकवावी लागत नाही. तारीख हलत नाही, कमीजास्त करायचे ते कामाच्या व्याप्तीत. चतुर्थी कोणासाठी थांबत नाही.

देशमुख कोण होते? रोह्याशी त्यांचा संबंध काय?

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाड तालुक्यातील नाते या गावचा. रायगड किल्ल्याच्या पायथ्याकडे जाताना हे गाव लागते. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकील होते. आई भागीरथीबाई. बालपण गेले ते कुंडलिकेच्या काठच्या रोह्यात. तेव्हा हा सगळा भाग कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जायचा, रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले.

१९१२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले, तिथे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकले, वनस्पतिशास्त्रातले पारितोषिक मिळवले. १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पुन्हा पहिले. देशाची तिजोरी पुढे सांभाळणारा हा माणूस मुळात अर्थशास्त्राचा नव्हे, तर विज्ञानाचा विद्यार्थी होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आधी निरीक्षण, मग निष्कर्ष ही सवय कदाचित तिथलीच.

नोकरीची पहिली वीसेक वर्षे मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गेली. जमीन महसूल, जिल्ह्याचा कारभार, मग प्रांताचे अर्थखाते. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत ते सचिवालयात होते. १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. सहाव्या जॉर्ज राजाचे चित्र असलेल्या नोटांवर रोह्याच्या माणसाची सही दिसू लागली. १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्सला आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेची पायाभरणी झाली, त्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात ते होते.

फाळणीत रिझर्व्ह बँकेचे काय झाले?

१५ ऑगस्ट १९४७ ला देश दोन झाले, पण मध्यवर्ती बँक एकच होती. पाकिस्तानकडे स्वतःची बँक नव्हती, स्वतःच्या नोटाही नव्हत्या. एका रात्रीत चलन तोडले असते तर दोन्हीकडचे व्यवहार ठप्प झाले असते.

म्हणून टप्पे ठरले. पहिल्या टप्प्यात रिझर्व्ह बँक दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक राहणार आणि भारतीय नोटा दोन्हीकडे चालणार. दुसऱ्या टप्प्यात, १ एप्रिल १९४८ पासून, पाकिस्तान सरकारचे नाव वर छापलेल्या भारतीय नोटा तिथे चलनात येणार. या नोटा छापल्या गेल्या नाशिकच्या छापखान्यात. तिसऱ्या टप्प्यात, ३० सप्टेंबर १९४८ नंतर, पाकिस्तान आपली व्यवस्था आपण पाहणार.

आराखडा कागदावर चांगला होता, पण दोन्ही देशांचे संबंध झपाट्याने बिघडत गेले. अविभक्त भारताच्या रोख शिलकीतले पाकिस्तानच्या वाट्याचे ५५ कोटी रुपये द्यायचे की नाही, यावरून वादळ उठले. एकाच बँकेने दोन भांडणाऱ्या सरकारांची खाती सांभाळायची ही कल्पनाच चालेनाशी झाली. तेव्हा मूळ तारखेला चिकटून न राहता जबाबदारी तीन महिने आधीच, ३० जून १९४८ ला संपवण्यात आली. दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. टप्पे पाडलेले असल्यामुळेच तारीख अलीकडे ओढता आली. सगळे एकाच दिवशी बदलायचे ठरले असते, तर बदलायला काही हातात राहिलेच नसते.

त्यानंतर सहा महिन्यांत, १ जानेवारी १९४९ ला, रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली. १०० रुपयांच्या प्रत्येक शेअरमागे भागधारकांना ११८ रुपये १० आणे भरपाई ठरली. त्याच वर्षी बँकिंग कंपन्यांचा कायदा आला आणि बँकांची तपासणी करण्याचा, परवाना देण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाला. सहकारी बँका मात्र या कायद्याच्या कक्षेत यायला १९६६ साल उजाडले. बँकांवर नजर ठेवणारे कोणी असणे आणि ती नजर वेळेवर पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आल्यावर ज्यांच्या ठेवी अडकल्या, त्यांना हा फरक कोणी समजावून सांगायला नको.

स्टेट बँक काढण्याआधी सव्वा लाख कुटुंबांना का विचारले?

जून १९५० मध्ये देशमुख केंद्रीय अर्थमंत्री झाले. नियोजन आयोगाचे ते त्याआधीच सदस्य होते. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा मसुदा जुलै १९५१ मध्ये लोकांपुढे ठेवला गेला, त्यावर चर्चा झाली आणि अंतिम योजना डिसेंबर १९५२ मध्ये आली. म्हणजे योजनेचा काळ सुरू होऊन पावणेदोन वर्षे झाली होती. मूळ २,०६९ कोटींचा खर्च पुढे २,३७८ कोटींपर्यंत वाढवण्यात आला. पाच वर्षांची योजना ही अजाइलच्या अगदी उलट टोकाची गोष्ट वाटते आणि बऱ्याच अंशी आहेही. तरी पहिली योजना चालता चालता दुरुस्त होत गेली.

त्यासाठी आकडे लागतात आणि ते ताजे लागतात. जनगणना दहा वर्षांनी एकदा. मग मधल्या काळात लोक काय खातात, किती खर्च करतात, हे कळणार कसे? १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, ती याच गरजेतून. प्रशांतचंद्र महालनोबिस हे तिचे शास्त्रीय सूत्रधार आणि अर्थखात्याचे पाठबळ देशमुखांचे. भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे १९४५ पासूनच होते. ही पाहणी फेऱ्याफेऱ्यांनी होते. एक फेरी संपली की तिच्यातल्या त्रुटी पाहून पुढची आखायची. आजच्या आयटीवाल्याला ही रीत लगेच ओळखीची वाटेल.

रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये केलेली ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी हे दुसरे उदाहरण. ए. डी. गोरवाला समितीचे अध्यक्ष होते, सदस्यांत धनंजयराव गाडगीळ होते. ७५ जिल्हे, ६०० गावे आणि १ लाख २७ हजारांहून अधिक कुटुंबे. निष्कर्ष झोप उडवणारा निघाला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के होता. सावकारांचा सुमारे ७० टक्के. पन्नास वर्षे सहकाराचे कायदे करून एवढीच मजल गेली होती.

समितीने सुचवले की सरकारच्या भागीदारीतली, खेड्यांपर्यंत जाणारी एक मोठी व्यापारी बँक हवी. अहवाल डिसेंबर १९५४ मध्ये आला. देशमुखांनी तो महिनाभरात तत्त्वतः स्वीकारला आणि १ जुलै १९५५ ला इम्पिरियल बँकेची स्टेट बँक झाली. जुने कर्मचारी, जुन्या इमारती, जुनी खाती तशीच राहिली. नवीन होते ते मोजता येईल असे एक उद्दिष्ट, पाच वर्षांत ४०० नव्या शाखा. ते मुदतीत पार पडले. सरकारी घोषणांत असे मोजता येणारे वाक्य दुर्मीळ असते. अजाइलच्या भाषेत त्याला ‘काम पूर्ण झाल्याची व्याख्या’ म्हणतात आणि ती कामाआधी ठरवावी लागते.

१९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी काय घडले?

आता मुख्य गोष्टीकडे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात आयुर्विमा हा खासगी धंदा होता. मुंबईची १८७४ सालची ओरिएंटल, बॉम्बे म्युच्युअल, साताऱ्याची वेस्टर्न इंडिया अशा नावाजलेल्या कंपन्या होत्या. पण हप्ते गोळा करून ते मालकांच्या इतर धंद्यांत फिरवणाऱ्याही होत्या. दहा वर्षांत २५ आयुर्विमा कंपन्या बुडाल्या होत्या आणि आणखी २५ कंपन्यांनी पैसा इतका उधळला की त्यांचे व्यवहार दुसऱ्यांकडे सोपवावे लागले. तोटा विमेदारांचा. १९५५ च्या अखेरीस फिरोज गांधी यांनी लोकसभेत उद्योगपती रामकृष्ण दालमिया यांच्या भारत इन्शुरन्सचे प्रकरण बाहेर काढले आणि विषय पेटला.

राष्ट्रीयीकरण करायचे ठरले, पण अडचण अशी होती की संसदेत विधेयक मांडले तर ते मंजूर व्हायला काही महिने जाणार. या काळात ज्या मालकांबद्दल तक्रार आहे, त्यांच्याच हातात तिजोरीची किल्ली राहणार. कायदा येईपर्यंत तिजोरीत काय उरले असते? उलट, आधी काहीच तयारी न करता कंपन्यांची मालकी सरकारने एका फटक्यात घेतली असती, तर प्रत्येकाची मालमत्ता किती, देणी किती, भरपाई किती, याचा पत्ता नसताना सगळे अंगावर आले असते.

देशमुखांनी काम तोडले. पहिल्या टप्प्यात मालकी नाही, फक्त व्यवस्थापन ताब्यात घ्यायचे. दुसऱ्या टप्प्यात संसदेत कायदा करून मालकी घ्यायची. तिसऱ्या टप्प्यात नवी संस्था उभी करून सगळ्यांना तिच्यात विलीन करायचे. पहिल्या टप्प्याची तयारी अर्थखात्यातल्या मोजक्या माणसांत ठेवली गेली. एच. एम. पटेल हे तेव्हाचे अर्थसचिव. बातमी फुटली असती तर रोखे आणि कागदपत्रे गायब व्हायला एक रात्र पुरली असती.

१९ जानेवारी १९५६ ला अध्यादेश निघाला. त्याच संध्याकाळी देशमुखांनी आकाशवाणीवरून देशाला माहिती दिली. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, एकूण २४५ संस्थांचा कारभार सरकारकडे आला. कंपन्यांवर कस्टोडियन नेमले गेले. ज्याने कालपर्यंत हप्ता भरला त्याने उद्याही भरायचा, एजंटाने पॉलिसी विकायच्या, दावे मिटवायचे. रोजचे काम थांबू द्यायचे नाही आणि त्याच वेळी आतला हिशेब तपासायचा, अशी ही रचना होती.

जून १९५६ मध्ये कायदा झाला. १ सप्टेंबर १९५६ ला पाच कोटींच्या सरकारी भांडवलावर भारतीय आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. पाच विभाग, ३३ विभागीय कार्यालये, २१२ शाखा आणि मुख्यालय मुंबईत. पहिल्या अध्यादेशापासून साडेसात महिन्यांत. दोन बँकांच्या विलीनीकरणात खातेदारांचे आयएफएससी कोड बदलायलाही आज किती वेळ लागतो, हे आठवले तर त्या काळात, संगणक नसताना, खातेवह्या आणि टाइपरायटरवर झालेल्या या कामाचा आवाका लक्षात येईल.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. देशमुखांना कोणी अजाइल म्हणावे, असा हा दावा नाही. अजाइलमध्ये पारदर्शकता लागते, ग्राहक आणि टीम पहिल्या दिवसापासून सोबत लागतात. १९ जानेवारीचा पहिला टप्पा तर पूर्ण गुप्ततेत झाला आणि ज्या संस्था घ्यायच्या त्यांना त्याची कल्पना नव्हती. साम्य आहे ते कामाच्या तोडणीत. ज्या तुकड्यात सर्वांत जास्त धोका आहे तो आधी उचलायचा, प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहील असा काढायचा आणि मागच्याचा हिशेब हाती आल्यावर पुढचा आखायचा.

मग काम अर्धवट असताना राजीनामा का?

अध्यादेश निघण्याच्या फक्त तीन दिवस आधी, १६ जानेवारी १९५६ ला, पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी मुंबई शहर केंद्रशासित होणार असल्याचे जाहीर केले होते. मुंबईत लोक रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारात माणसे पडत होती. फ्लोरा फाउंटनच्या हुतात्मा स्मारकावर ज्यांची नावे आहेत, त्यांतले कित्येक याच दिवसांतले.

देशमुख त्या वेळी फक्त अर्थमंत्री नव्हते. १९५२ मध्ये ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले होते. पेण आणि रोहा हे याच कुलाबा जिल्ह्यातले तालुके. इथल्या घराघरांतला कोणी ना कोणी गिरणीत, गोदीत, कचेरीत मुंबईला होता. भात आणि मीठ मुंबईला, मनीऑर्डर गावाला, असा रोजचा व्यवहार. मुंबई महाराष्ट्राबाहेर गेली तर काय, हा प्रश्न इथे चुलीपर्यंत आलेला होता.

जानेवारीतच देशमुखांनी राजीनामा नेहरूंकडे दिला. नेहरूंनी थांबायला सांगितले आणि ते थांबले. पुढचे सहा महिने, म्हणजे विमा कायद्याचा मसुदा, संसदेतली चर्चा, भरपाईची कलमे, अर्थसंकल्प, हे सगळे त्यांनी पद सोडण्याचा निर्णय झालेला असताना पार पाडले. मतदारसंघातून दबाव होता, आंदोलकांना थांबणे पटत नव्हते. लगेच बाहेर पडले असते तर महाराष्ट्रात जयजयकार झाला असता. पण व्यवस्थापन ताब्यात, मालकी अधांतरी अशा अवस्थेत लाखो विमेदारांचे पैसे लटकले असते. त्यांनी जूनपर्यंत कायदा मार्गी लावला. थांबण्यामागे हेच एक कारण होते असे म्हणता येणार नाही. पण घटनाक्रम तसा आहे खरा.

जूनमध्ये नेहरूंनी मुंबईतच पुन्हा जाहीर केले की शहर पाच वर्षे केंद्राकडे राहील. जुलै १९५६ मध्ये देशमुख बाहेर पडले आणि लोकसभेत निवेदन केले. त्यात दोन मुद्दे ठळक होते. एक, एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होताच जाहीर झाला. दोन, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली. म्हणजे आक्षेप केवळ मुंबई कोणाला, एवढाच नव्हता. निर्णय घ्यायचा कोणी आणि तो चुकला का हे तपासायचे की नाही, हाही होता. नेहरूंना ही टीका मान्य नव्हती आणि त्यांनी तसे सभागृहात सांगितले. पुढच्याच महिन्यात संसदेने द्वैभाषिक मुंबई राज्याचा पर्याय स्वीकारला आणि केंद्रशासित मुंबईची कल्पना मागे पडली. मुंबईसह महाराष्ट्र व्हायला मात्र १ मे १९६० उजाडला.

१ सप्टेंबरला एलआयसीचे उद्घाटन झाले तेव्हा अर्थमंत्री होते टी. टी. कृष्णम्माचारी. दोनच दिवस आधी ते खात्यात आले होते.

एलआयसी झाल्यावर प्रश्न सुटला का?

लगेच नाही. १९५७ मध्ये एलआयसीने कोलकात्याचे उद्योजक हरिदास मुंदडा यांच्या डबघाईला आलेल्या कंपन्यांत सव्वा कोटींच्या घरात रक्कम गुंतवली. गुंतवणूक समितीला विचारण्याचा शिरस्ता बाजूला ठेवला गेला. प्रकरण पुन्हा फिरोज गांधींनीच लोकसभेत काढले. न्या. एम. सी. छागला यांच्या आयोगाने मुंबईत उघड सुनावणी घेतली आणि काही आठवड्यांत अहवाल दिला. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींना पद सोडावे लागले. ताब्याची रात्र ज्यांनी आखली होती ते एच. एम. पटेलही या वादळात सापडले.

म्हणजे मालकाच्या हातून विमेदारांचा पैसा वाचवला आणि दीड वर्षात तोच धोका सरकारी टेबलावरून आला. विलीनीकरणाचे टप्पे नीट आखले होते, पण गुंतवणुकीवर बाहेरच्या कोणाची नजर राहील याची तजवीज तितकी पक्की नव्हती. १९५६ च्या आखणीतली ही उणीव देशमुखांच्या खात्यावरही मांडायला हवी, कारण रचना त्यांच्या मंत्रालयातली होती. फरक एवढाच की चौकशी झाली, ती उघड झाली आणि तिचा परिणाम दिसला. मुंबईच्या गोळीबाराबाबत देशमुखांनी मागितले होते ते हेच.

देशमुखांनी पुढे काय केले?

मंत्रिपद गेल्यावर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६१ पर्यंत ते काम पाहिले. १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले, व्ही. व्ही. गिरी निवडून आले. राजकारणातले आकडे त्यांना फारसे जमले नाहीत.

संस्कृतची गोडी मात्र शेवटपर्यंत टिकली. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवाद केला होता आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली होती.

त्यांची पहिली पत्नी रोझिना १९४९ मध्ये वारल्या. जानेवारी १९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. घटना समितीच्या सदस्य राहिलेल्या दुर्गाबाई नियोजन आयोगात त्यांच्या सहकारी होत्या आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष. १९७५ मध्ये पती-पत्नी दोघांनाही एकाच वर्षी पद्मविभूषण मिळाले. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादमध्ये चिंतामणरावांचे निधन झाले, वयाच्या ८७ व्या वर्षी. त्याच्या पावणेदोन वर्षे आधी, १ जानेवारी १९८१ ला, त्यांच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव बदलून रायगड झाले होते.